खलनायक हाताबाहेर गेला आणि लढाई अडली, तर काय तपासायचं?

तक्रार नेहमी तीच असते. गोष्ट छान चाललेली असते, पानं भरत असतात आणि शेवटच्या लढाईपाशी येऊन गाडी चिखलात रुतते. खलनायक इतका तगडा करून ठेवलेला असतो की त्याला हरवायचं कसं, हे लिहिणाऱ्यालाच कळत नाही. मांगा, म्हणजे जपानी चित्रकथा, वाचता वाचता स्वतः काढायला लागलेल्यांच्या वहीत अशी एखादी अर्धवट लढाई हमखास पडून असते. माझ्या वहीत ती चौदा महिने पडून होती.

आधी माझीच केस सांगतो, म्हणजे पुढचं समजायला सोपं जाईल. गोष्ट कोकणातल्या एका खाडीकाठच्या गावातली. खलनायकाचं नाव नुसतंच खोत. त्याला मारलेला प्रत्येक फटका तो अंगात साठवतो आणि दुपटीने परत करतो. नायिका यमू, तिच्या हातात हत्तीचं बळ. आता हिने जितक्या जोराने मारावं, तितकी हीच आडवी होणार. कल्पना सुचली तेव्हा मी स्वतःवरच खूश होतो. चाळिसाव्या पानावर ती खुशी संपली.

माझा पहिला वाचक म्हणजे आठवीतला भाचा. पहिल्या प्रयत्नात मी यमूला राग आणला, डोळे लाल केले आणि तिच्यात एक झोपलेली शक्ती जागी केली. भाच्याने वही मिटली. म्हणाला, ‘‘मामा, हे तिला येत होतं तर गावातली अकरा माणसं मरेपर्यंत ती काय करत होती?’’ दुसऱ्या प्रयत्नात खोताच्या हातून चूक करवली. त्यावर, ‘‘इतके दिवस एवढा हुशार होता, आजच कसा येडा झाला?’’

दोन्ही वेळा तो बरोबर होता. हे दोन इलाज सगळ्यात आधी सुचतात आणि दोन्हींनी दुखणं वाढतं. नायकाला फुकटची शक्ती दिली की आधीचा सगळा धोका खोटा ठरतो. खलनायकाला ऐनवेळी मूर्ख केलं की चाळीस पानं आपण ज्याला घाबरलो तो मूर्ख होता, असं निघतं. तिसरा इलाज म्हणजे शेवटच्या पानावर उघड होणारा एखादा कमकुवत अवयव. त्यावर बोलायलाच नको.

खरं दुखणं कुठे आहे ते बघायचं असेल तर लढाईच्या पानांवरून नुसती नजर फिरवा आणि नायकाचे मित्र काय करतायत ते मोजा. माझ्या वहीत ते कडेला उभे राहून ‘‘काय ही ताकद!’’ एवढंच म्हणत होते. सात चौकटींत सात वेळा. म्हणजे दोघांची लढाई आणि बाकीचे प्रेक्षक. असं असेल तर खलनायकाची ताकद कमी करू नका. त्याला तसाच राहू द्या. मित्रांना काम द्या. मारण्याचं काम मात्र देऊ नका.

इथून पुढे जपानी मांगांमधल्या काही लढायांचे शेवट फोडणार आहे. ज्यांना ‘जोजो’चा तिसरा भाग, ‘नारुतो’, ‘हंटर एक्स हंटर’ किंवा ‘जुजुत्सू काइसेन’ अजून वाचायचं आहे, त्यांनी आधी ते वाचून या.

पहिली तपासणी: ताकद चालायला काय लागतं?

ताकद कितीही मोठी असो, तिला चालायला काहीतरी लागतंच. बघावं लागतं, हात लावावा लागतो, ठरावीक जागी उभं राहावं लागतं, वेळ लागतो, नाहीतर समोरच्याबद्दल काहीतरी माहीत असावं लागतं. नायक ताकदीशी भिडतो. सहायकाची छोटी करामत त्या लागणाऱ्या गोष्टीशी भिडली पाहिजे.

‘नारुतो’मधला हिदान घ्या. मुंडकं उडवलं तरी बोलत राहतो, मरत नाही. त्याची विद्या अशी: शत्रूचं रक्त जिभेला लावायचं, जमिनीवर खूण काढून त्या वर्तुळात उभं राहायचं आणि स्वतःला जखम करून घ्यायची. ती जखम शत्रूला होते. याला कोण मारणार? नायकाचा मित्र शिकामारू मारायच्या भानगडीत पडतच नाही. त्याच्याकडे सावलीने माणूस जागच्या जागी धरून ठेवायची विद्या आहे, जिने मुळात कुणाला ओरखडाही येत नाही. पण त्याने आधीच्या लढाईत, आपले सेन्सेई, म्हणजे गुरू, गमावताना, या विद्येचे नियम पाहून ठेवलेले असतात. तो अशी सोय करतो की शत्रूचं समजून हिदान आपल्याच जोडीदाराचं, अनेक हृदयं असलेल्या काकुझूचं रक्त चाखतो आणि स्वतःला भोसकून त्याचंच एक हृदय बंद पाडतो. नंतर हिदानला नारा घराण्याच्या रानात खड्ड्यात गाडलं जातं. तो अमर होता आणि अमरच राहतो, फक्त खड्ड्यात. मला या लढाईत सगळ्यात आवडतं ते हेच, की खलनायकाची ताकद शेवटपर्यंत तसूभरही कमी केलेली नाही.

आपल्याकडे हे नवं नाही. जरासंधाला भीम उभा चिरतो आणि दोन्ही तुकडे पुन्हा जुळतात, ही गोष्ट आजीकडून ऐकलेली असतेच. कृष्ण तिथे एक बुक्कीही मारत नाही. काडी चिरून तिचे दोन भाग उलटसुलट दिशांना टाकून दाखवतो, बस.

मी हाच प्रश्न खोताला विचारला. फटके तो साठवतो, पण साठवतो कुठे? याचं उत्तर मी ठरवलेलंच नव्हतं. मग मागची पानं चाळली आणि एक गंमत सापडली. खोत सगळीकडे अनवाणी होता. त्यात काही खोल विचार नव्हता. मला बूट काढता येत नाहीत, म्हणून मी त्याचे बूटच काढून टाकले होते. पण आता ती अनवाणी पावलं उपयोगाला आली. फटका अंगातून पायांत, पायांतून जमिनीत जातो आणि जमिनीतूनच दुपटीने परत येतो. म्हणजे पाय जमिनीवर टेकलेले हवेत. चाळीस पानांत एकदाही त्याने उडी मारलेली नव्हती, तेव्हा जुनं काही खोडावंही लागलं नाही. सुचवण्यासारखं हेच आहे: नवा नियम शोधण्याआधी आपणच नकळत काढून ठेवलेलं काय आहे ते बघा. वाचकाने ते आधीच पाहिलेलं असतं, त्यामुळे फसवल्यासारखं वाटत नाही.

दुसरी तपासणी: ताकद कळलीय का कुणाला?

बऱ्याचदा लढाई अडते ती खलनायक बलाढ्य आहे म्हणून नाही, तर समोरच्यांना तो नेमका काय करतोय हेच माहीत नाही म्हणून. मग लेखक खलनायकालाच बोलायला लावतो. दीड पान स्वतःच्या ताकदीचं व्याख्यान. हे जिथे दिसेल तिथे माहिती आणणारा सहायक कमी पडला आहे असं समजावं.

हिरोहिको अराकीच्या ‘जोजोज बिझार अॅडव्हेंचर’चा तिसरा भाग १९८९ ते १९९२ दरम्यान आला. त्यातल्या डिओला काळ थांबवता येतो, सुरुवातीला ५ सेकंद. थांबलेल्या काळात फक्त तोच हलतो. यापुढे काय करणार? नायकाचा साथीदार पोलनारेफ जिना चढतो आणि बघतो तर पुन्हा खालीच उभा. काहीतरी झालंय, पण काय ते कळत नाही. मग दुसरा साथीदार काक्योइन आपल्या स्टँडच्या, म्हणजे सोबत वावरणाऱ्या लढाऊ शक्तीच्या, दोऱ्यांचं २० मीटर त्रिज्येचं जाळं डिओभोवती पसरतो. दोरीला स्पर्श झाला की मारा सुरू. जाळं फुकट जातं आणि काक्योइनच्या पोटातून हात आरपार जातो. पण मरता मरता त्याच्या लक्षात येतं की सगळ्या दोऱ्या एकाच क्षणी तुटल्या, एकीमागून एक नाही. कितीही वेगवान माणूस असला तरी दोन दोऱ्यांमध्ये थोडा तरी फरक पडायला हवा. तो शेवटचा मारा डिओवर करत नाही, मनोऱ्यावरचं घड्याळ फोडतो. त्यांच्यातलाच जोसेफ ते बघतो आणि त्याला निरोप कळतो.

मी हा भाग कितीतरी वेळा वाचलाय. त्यातली कारागिरी अशी की जाळं शस्त्र म्हणून हरतं आणि मोजपट्टी म्हणून जिंकतं. त्याने डिओला काहीही झालं नाही, पण डिओबद्दल कळलं. पुढे नायक जोतारोलाही थांबलेल्या काळात हलता येऊ लागतं, ते मला आजही थोडं फुकटात मिळाल्यासारखं वाटतं. तरी ते खपून जातं, कारण काय चाललंय ही माहिती एका माणसाने जीव देऊन विकत घेतलेली असते. तीही आयती मिळाली असती तर माझ्या भाच्याने ते पुस्तकही मिटलं असतं.

तिसरी तपासणी: फटक्याऐवजी दुसरं काय देता येईल?

समोरच्याची शक्ती आपल्यापेक्षा शंभर पट असेल तर टक्कर घेण्यात अर्थ नसतो. अशा वेळी लढाई दुसऱ्याच हिशेबात न्यायची. योशिहिरो तोगाशीचं ‘हंटर एक्स हंटर’ १९९८ मध्ये सुरू झालं. त्यातल्या मुंग्यांच्या राजाच्या प्रकरणाइतकं हे कुणी मजेत केलेलं मी पाहिलेलं नाही. तिथे नकल नावाचा एक आडदांड, हळवा पोरगा आहे. तो मारतो, पण त्याच्या बुक्कीने लागत नाही. ती बुक्की म्हणजे कर्ज! जेवढी ऊर्जा मारण्यात गेली तेवढी समोरच्याच्या खात्यावर उसनी चढते आणि दर १० सेकंदाला १० टक्के व्याज. अगदी सावकारी. चक्रवाढीने हिशेब केला तर ८० सेकंदांत रक्कम दुपटीच्या वर जाते आणि पाच मिनिटांत सतरा पट होते. कर्ज ऐपतीबाहेर गेलं की समोरचा दिवाळखोर, ३० दिवस त्याला ऊर्जाच वापरता येत नाही. कर्जाचा आकडा दाखवणारं एक बाहुलं त्याच्यामागे तरंगत असतं, म्हणजे वसुलीचा माणूसच.

आता समोर राजाचा रक्षक युपी याच्यासारखा राक्षस असेल तर पहिली बुक्की लगावणंच अशक्य. तिथे मेलेओरॉन नावाचा साथीदार येतो. तो श्वास रोखून असेपर्यंत त्याचं अस्तित्व कुणालाच जाणवत नाही आणि ज्याला त्याने हात लावलाय त्याचंही नाही. या दोघांपैकी एकटा कुणीही युपीसमोर टिकणार नाही. जोडी केली की राक्षसाला पाच-दहा मिनिटं टाळत राहायचं आणि व्याज चढू द्यायचं, एवढंच काम उरतं. लढाई ताकदीची होती, ती घड्याळाची झाली.

पण ती लढाई थोर आहे ती या युक्तीमुळे नाही. अगदी वसुलीची वेळ येते तेव्हा नकलचा गुरू मोरेल याचा जीव युपीच्या हातात असतो आणि त्याला वाचवायला नकल कर्ज माफ करून टाकतो. करामत चालली, तरी जिंकणं हुकलं. सहायकाची शक्ती जेव्हा त्याच्या स्वभावाला भिडते तेव्हा असं काहीतरी होतं, आणि ते आखून ठेवता येत नाही. आधी माणूस नीट कळलेला असावा लागतो.

लढाई दुसरीकडे नेण्याचा हाच प्रकार ‘जुजुत्सू काइसेन’मध्ये नायकाचा साथीदार तोडो जागा बदलून करतो. टाळी वाजवली की दोन गोष्टींच्या जागा अदलाबदल होतात, मग ती माणसं असोत की हत्यारं, फक्त त्यांत शापाची ऊर्जा हवी. खो-खो खेळलेल्या कुणालाही हे लगेच कळेल. पळणारा अंदाज बांधतो एकाचा आणि पाठीवर येतो दुसराच. शिवाय खो देतोय असं दाखवून न देणं हेही त्यात आलंच. तोडो कधी कधी टाळी वाजवतो आणि काहीच बदलत नाही. खलनायक महितोसमोर त्याचा हात जातो आणि करामत संपते. तरी तो उरलेल्या थोट्या हाताने महितोच्याच हातावर टाळी देतो. महितो बदल होणार म्हणून सावध होतो, बदल होत नाही, आणि नायक युजीची बुक्की पोचते. संपलेली शक्ती शेवटच्या वेळी निव्वळ शत्रूच्या सवयीवर चालली. या एका पानासाठी त्या आधीच्या सगळ्या टाळ्या लागत होत्या. त्या वाचकालाही दाखवून ठेवलेल्या होत्या आणि महितोलाही.

उलट बाजूने तपासायचं असेल तर त्याच मालिकेतला गोजो बघा. तिथे अवाढव्य ताकद नायकांच्या बाजूला आहे आणि कोंडी खलनायकांची झालीय. ते त्याला हरवायला जात नाहीत. एक पेटी आणतात. चार मीटरच्या आत तो एक मिनिट थांबला पाहिजे, एवढीच अट. पण ते मिनिट घड्याळाचं नसून त्याच्या डोक्यातलं चालतं. मेलेला जुना मित्र समोर उभा राहतो, तीन वर्षांच्या आठवणी क्षणात सरकतात आणि मिनिट भरतं. म्हणजे हा नियम चांगल्या-वाईटाला धरून चालत नाही. आपल्या गोष्टीत नायकच फार तगडा झाला असेल तर औषध हेच, बाटली फक्त खलनायकाच्या हातात द्यायची.

गंभीर लढायांच्या गर्दीत ‘वन पीस’मधल्या उसॉपला विसरू नका. शत्रूकडच्या पेरोनाची भुतं ज्याच्यातून आरपार जातात त्याचा सगळा धीर खचतो, भलेभले गुडघ्यावर येतात. उसॉप मुळातच इतका रडका की भुतालाच धक्का बसतो. करामत वगैरे काही नाही, नुसता स्वभाव.

आता बाबल्या

माझ्या गोष्टीत तरीवाल्याचा मुलगा बाबल्या पहिल्या प्रकरणापासून होता, होडी वल्हवायला. त्याला मी एक क्षुल्लक विद्या दिली. ज्याला हात लावेल ते वीतभर वर उचललं जातं. वीतभरच, बोटभरही जास्त नाही. त्याच्या जोरावर तो बापाची होडी गाळातून मोकळी करतो, एवढं तिसऱ्या पानावर नव्याने काढलं आणि पुढे तीस पानं त्याबद्दल अवाक्षर नाही. खोताला वीतभर उचललं की पाय जमिनीपासून सुटले. यमूचा फटका जमिनीत जाणार कुठून?

भाच्याने हे वाचलं आणि पहिल्यांदाच वही मिटली नाही. पण तो काही सोडणारा नाही. ‘‘मामा, मग बाबल्याने पहिल्या दिवशीच का नाही उचललं?’’

हा साइड इफेक्ट बहुतेकांना होतो. खलनायकाला आवरण्यासाठी आणलेला सहायकच भारी होऊन बसतो आणि दुखणं एका माणसावरून दुसऱ्यावर सरकतं. त्यावर एकच उपाय मला लागू पडलेला दिसलाय, तो म्हणजे किंमत. मेलेओरॉनला श्वास रोखावा लागतो. किंमत अशी हवी की ती चित्रात दिसेल. ‘‘यामुळे माझी खूप शक्ती खर्च होते’’ असं पात्राने नुसतं म्हणून चालत नाही, त्याच्या कपाळावर घामाचे चार थेंब काढूनही नाही. मी बाबल्याला असं केलं: दुसरा जितका वर जाईल तितका तो स्वतः खाली रुततो. कातळावर उभा असेल तर विद्या चालतच नाही. म्हणजे हा प्रयोग फक्त खाजणातल्या चिखलात शक्य आणि खोत चिखलात पाय घालत नाही. त्याला तिथपर्यंत आणायला यमूला मार खात मागे सरकावं लागतं. अकरा पानं ती हरतेय असंच वाटतं. लढाईत आपोआप जागा आली, चाल आली, भरती-ओहोटीची वेळ आली. मी यातलं काही ठरवलं नव्हतं, किंमत ठरवल्याबरोबर ते मागून आलं.

जखमा भरून काढणारा सहायक आणू नका, असं मात्र बजावून सांगेन. सगळ्यांना तोच पहिला सुचतो. त्याने खलनायकाच्या नियमाला धक्का लागत नाही, फक्त मार खाण्याची मुदत वाढते. दहा पानांची लढाई तीस पानांची होते, आणि वाचकाला समजतं की आता कुणालाच काही होणार नाही.

आणि सहायकाला काक्योइनसारखं मारायचं असेल तर थोडं थांबून विचार करा. त्याचं मरण लागू पडतं कारण निरोप देण्याचा दुसरा मार्गच त्याला उरलेला नव्हता. नुसतं डोळ्यांत पाणी आणायला मारलात तर ते कळतं. मी बाबल्याला एका मसुद्यात बुडवला होता. बहिणीने, म्हणजे भाच्याच्या आईने, दोन दिवस माझ्याशी धड बोलणं टाकलं होतं.

जोडलेली लढाई तपासायची असेल तर सहायकाची सगळी पानं बोटाने झाकून वाचा. खलनायक तरीही हरतोय असं वाटलं तर सहायक शोभेपुरता आहे. मग नायकाची पानं झाका. तरीही हरत असेल तर तुमचा नायक भलताच कुणीतरी आहे. माझ्या वहीत दुसरी चाचणी अजून जेमतेम पास होते. भाच्याचं म्हणणं, गोष्टीचं नाव ‘बाबल्या’ हवं होतं.

सध्या लढाई पूर्ण झालीय. शेवटच्या चौकटीत खोत वीतभर हवेत आहे आणि बाबल्या मांडीपर्यंत चिखलात, कारण त्याला तीन वेळा प्रयत्न करावा लागला. भाच्याने पुढच्या भागाची मागणी केलीय. त्यात खोताचा भाऊ येणार आणि तो शहरातून येणार, म्हणजे अनवाणी चालणार नाही. तेव्हा रोज रात्री जेवणं झाली की दाराशी बसून घरातल्या सगळ्यांचे बूट समोर मांडतो आणि काढायला शिकतो. टाच अजून जमत नाही.